तान्ह्या पोळ्यापासून सेवाग्रामपर्यंत

आमच्या नागपुरांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो. ज्यांच्या घरीं गोठा नाहीं, बैल नाहीं, कीं हातभर वावर नाहीं, अशा घरांतलीं मुलेंही त्या दिवशीं लांकडाचा नंदी रंगवून, त्याच्या गळ्यांत घुंगरूं बांधून, दोरीनें ओढीत मारुतीच्या देवळापाशीं नेतात. तेथें नंदीची पूजा होते. मग मुलें घरोघर हिंडतात आणि वडील मंडळी त्यांच्या हातावर ‘बोजारा’ म्हणून खाऊ किंवा चार पैसे ठेवतात. ही चाल भोसल्यांच्या राज्यापासूनची असें आमच्याकडे सांगतात. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना तिचें मोठें कौतुक वाटतें, आणि आम्हां नागपूरकरांना त्या कौतुकाचा थोडा अभिमानही वाटतो.

गेल्या वर्षीं भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस माझा आठ वर्षांचा नातू आपला नंदी ओढीत घरीं आला, तो अंगणांतच थांबला आणि मला विचारूं लागला, “आजोबा, खरा बैल शेतांत काय करतो?”

“नांगर ओढतो.”

“नांगर म्हणजे काय?”

मी जन्माचा संस्कृतचा मास्तर. मीं त्याला ताबडतोब लांगल, हल, सीर असे तीन प्रतिशब्द सांगितले. त्यानें ते निमूटपणें ऐकून घेतले आणि म्हटलें, “हीं नांवें झालीं. तो असतो कसा?”

नांगर मीं पाहिलेला नव्हता असें नाहीं. आगगाडींतून पाहिला होता, चित्रांत तर अनेकदां. पण त्याचा फाळ जमिनींत किती खोल जातो, वखर त्याहून निराळा कां, बैलांच्या मानेवर जूं कसें बसतें, हें सांगावयास लागल्यावर दोन वाक्यांतच माझें ज्ञान संपलें. इतक्यांत पुतण्याच्या धाकट्या मुलीनें स्वयंपाकघराच्या दारांतून आणखी एक प्रश्न टाकला, “तुरीची डाळ झाडाला अशी पिवळीच लागते का हो?” आंत बायका हसल्या. मीही हसलों. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें हसणें मला बोचूं लागलें.

आमच्या घरीं अकरा माणसांचा स्वयंपाक होतो. ताटाभोंवतीं पाणी फिरविल्यावांचून आणि चित्राहुति घातल्यावांचून मीं कधीं घास घेतला नाहीं. तैत्तिरीय उपनिषदांतील भृगूला तप केल्यावर पहिल्यानें अन्न हेंच ब्रह्म असें उमगलें, ही कथा मीं शेंकडों विद्यार्थ्यांना सांगितली. कृषिपराशर हा शेतीवरचा जुना संस्कृत ग्रंथ माझ्या कपाटांत आहे; पाऊस, बीं आणि गुरें यांविषयीं त्यांत काय म्हटलें आहे तें मी सांगूं शकतों. पण तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरींत मीं एकाही वर्गाला एकदांही शेताच्या धुऱ्यावर नेलें नाहीं. जें शाळेंत केलें नाहीं तें निदान घरच्या मुलांसाठीं तरी करावें, असें त्या रात्रीं ठरविलें. वाड्यांतलीं आणि शेजारचीं मिळून नऊ मुलें झालीं. मदतीस माझा पुतण्या आणि सूनबाई असे दोघे तयार झाले.

पहिली फेरी घरापासून फार दूर नव्हती. नागपूरच्या अगदीं मध्यावर महाराजबाग आहे. नांवाप्रमाणें ती भोसल्यांची बाग. मुलांना ती तेथील वाघ-बिबट्यांमुळें माहीत असते. परंतु त्या बागेची व्यवस्था ज्याच्याकडे आहे तें कृषिमहाविद्यालय १९०६ सालचें, म्हणजे शंभर वर्षांहून जुनें आहे, हें पुष्कळदां मुलांच्या आईबापांसही ठाऊक नसतें. आज तें अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाखालीं चालतें. ज्यांचें नांव त्या विद्यापीठास आहे ते पंजाबराव (१८९८–१९६५) शेतकऱ्याच्या घरीं जन्मले, विलायतेस जाऊन त्यांनीं वैदिक वाङ्मयांतील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहिला, अमरावतीस शिक्षणसंस्था काढून खेड्यांतील मुलांना शाळा उघडून दिल्या आणि १९५२ पासून दहा वर्षें केंद्र सरकारांत शेतीखातें सांभाळलें. वेद आणि वावर हीं दोन्हीं एकाच माणसाला जवळचीं असूं शकतात, हें त्यांच्या चरित्रावरून दिसतें. माझ्यासारख्याला तेवढें पुरेसें लाजविणारें आहे.

महाविद्यालयाच्या शेतांत मुलांनीं पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचें झाड, प्रथमच जवळून पाहिलें. एकाच झाडावर मलईच्या रंगाचें फूल आणि गुलाबी फूल पाहून दोन जातींचें कलम असावें अशी त्यांची समजूत झाली. तेथील एका वृद्ध गड्यानें हसून सांगितलें कीं, फूल एकच. उमलल्या दिवशीं तें फिकें पिवळें असतें, दुसऱ्या दिवशीं गुलाबी होतें, मग गळतें आणि मागें बोंड धरतें. हें ऐकून मुलांपेक्षां मीच अधिक चकित झालों. माझें सगळें आयुष्य ज्या गांवांत गेलें, तें गांव कापसावर वाढलेलें. जमशेटजी टाटांनीं १८७७ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस येथें एम्प्रेस मिल सुरू केली, ती वऱ्हाड-नागपूरचा कापूस जवळ होता म्हणूनच. सव्वाशें वर्षें त्या गिरणीनें या शहराला पोसलें आणि २००२ सालीं ती बंद झाली. एवढ्या काळांत कापसाच्या फुलाचे दोन रंग आम्हां शहरवासीयांच्या दृष्टीस पडले नाहींत.

पण बाग पाहून मुलांचें केवळ पाहणें झालें; हात मातींत गेले नाहींत. जेथें मुलें स्वतः पिकवतात आणि त्यावरच त्यांचा गणित-विज्ञानाचा धडा चालतो, अशी शाळा नागपुरापासून अवघ्या पाऊणशें किलोमीटरांवर सेवाग्रामला आहे. दसऱ्यानंतरच्या एका शनिवारीं पहांटेच्या गाडीनें आम्ही तिकडे निघालों.

अजनी, खापरी, गुमगांव, बुटीबोरी अशीं स्टेशनें मागें पडूं लागलीं तसतशीं घरें विरळ झालीं आणि काळी जमीन दिसूं लागली. सोयाबीनची सोंगणी चालू होती. कपाशीच्या पांच-सहा तासांनंतर एक तास तुरीचा, असे पट्टे दूरपर्यंत गेलेले होते. सिंदी स्टेशन आलें तेव्हां मुलांना सांगितलें कीं, या गांवचा तान्हा पोळा आमच्या भागांत फार प्रसिद्ध. येथें माणसाएवढे उंच लांकडी नंदी मिरवणुकीनें निघतात. लगेच नातू खिडकीशीं गेला. नंदी दिसले नाहींत. रुळांपलीकडच्या शेतांत एक खरी बैलजोडी मात्र उभी होती.

गाडींत पुतण्यानें विचारलें, “काका, शाळेंत शेती शिकवावी ही कल्पना गांधीजींचीच ना?”

मीं म्हटलें, “त्यांच्याही आधींची आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत खेड्यांतील प्राथमिक शाळांत मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञान द्यावें अशी मागणी आहे. पुढें रवींद्रनाथांनीं १९२२ सालीं शांतिनिकेतनाशेजारीं श्रीनिकेतन काढलें, तेंही खेड्याच्या जीवनाशीं शिक्षण जोडण्यासाठींच. गांधीजींनीं एक पाऊल पुढें टाकलें. शेती किंवा दुसरा एखादा हस्तोद्योग हा इतर विषयांच्या जोडीला एक विषय असूं नये, तर त्याच्या द्वारें बाकीचे विषय शिकवावे, असें त्यांचें म्हणणें.”

ही गोष्ट वर्ध्यासच ठरली. १९३७ सालच्या ऑक्टोबरच्या २२ आणि २३ तारखांस तेथें शिक्षणपरिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. पुढें जे राष्ट्रपति झाले त्या डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून आणि हस्तोद्योगाच्या आधारें, हा तिच्या योजनेचा गाभा. कताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळांचा व भाजीपाल्याचा मळा असे उद्योग तिनें सुचविले. दुसऱ्या वर्षीं हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला आणि सेवाग्रामांत आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्यानें तें काम हातीं घेतलें. ते मूळचे सिलोनचे, त्या बंगाली घराण्यांतल्या. दोघेंही शांतिनिकेतनांतून आलेलीं.

त्याच सुमारास आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत, ज्याची राजधानी तेव्हां नागपूर होती, पंडित रविशंकर शुक्ल यांनीं ‘विद्यामंदिर’ योजना काढली. जेथें शाळा नाहीं अशा गांवीं लोकांनीं जमीन दान द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा तिचा विचार. योजनेच्या नांवावरून मुसलमान समाजांत नाराजी झाली, १९३९ च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि योजना मागें पडली. तिच्यांत एक धोकाही होता. शेताच्या उत्पन्नावर मास्तरांचा पगार अवलंबून राहिला, कीं मुलांच्या हातांकडे शिक्षणाच्या दृष्टीनें न पाहतां मजुरीच्या दृष्टीनें पाहण्याचा मोह होतो. झाकिर हुसेन समितीनेंच आपल्या अहवालांत, उत्पन्नाच्या मागें लागून शिक्षणाचा हेतु बुडूं नये, असा इशारा दिलेला आहे. शेत शाळेसाठीं असावें, शाळा शेतासाठीं नव्हे, हा विवेक ठेवणें सोपें नाहीं.

सेवाग्रामला उतरलों तेव्हां ऊन चढलें होतें. १९३६ च्या एप्रिलांत गांधीजी येथें राहावयास आले त्या वेळीं या गांवाचें नांव शेगांव होतें. संत गजानन महाराजांच्या शेगांवाशीं घोटाळा होऊं लागला म्हणून १९४० सालीं तें सेवाग्राम झालें. बापूकुटी पाहून मुलें गप्प झालीं. माती, बांबू आणि कौलें; भिंतीवर मातींतच उठविलेलें ताडाचें झाड. एवढ्याशा घरांत एवढा मोठा माणूस कसा राहिला, असें नातीनें विचारलें. तिला मीं उत्तर दिलें नाहीं. तिनें तें स्वतः शोधावें.

जवळच आनंद निकेतन शाळा आहे. तालीमी संघाच्या काळची मूळ शाळा मध्यंतरीं बंद पडली होती. २००५ सालीं नयी तालीम समितीनें त्याच भूमीवर ती या नांवानें पुन्हां सुरू केली. सभोंवारच्या गांवांतलीं मुलें-मुली तेथें मराठींतून शिकतात. भाजीचे वाफे, कताई, स्वयंपाक हीं कामें अभ्यासक्रमाच्या बाहेरचीं नसून अभ्यासक्रमच आहेत.

आमच्या मुलांना एका दहा वर्षांच्या मुलीनें आपला वाफा दाखविला. दोरीनें मापून त्याची लांबी-रुंदी वहींत लिहिलेली होती. किती बीं पेरलें, किती दिवसांनीं उगवलें, किती भाजी निघाली, हेंही होतें. माझ्या नातवाला तिनें विचारलें, “तुमच्या घरी भाजी कोण पिकवते?”

“भाजीवाला,” नातू म्हणाला.

“तो त विकते. पिकवते कोण?”

नातू माझ्याकडे पाहूं लागला. ती मुलगी हंसली नाहीं. तिनें त्याचा हात धरून त्याला वाफ्यांत बसविलें आणि बरबटीचें, म्हणजे चवळीचें, एक झाड मुळासकट उपटून मुळांवरच्या बारीक गांठी दाखविल्या. नखानें एक गांठ फोडली. आंत लालसर रंग होता. या गांठींत सूक्ष्म जंतु राहतात आणि हवेंतला नत्रवायु झाडाला खाण्याजोगा करून देतात, म्हणून डाळीचें पीक जमिनीचा कस राखतें, हें त्या मुलीनें वर्ध्याकडच्या बोलींत असें सांगितलें, कीं माझ्या मुलांना तें पुन्हां समजावून देण्याची मला गरज पडली नाहीं. कपाशीच्या तासांमध्यें तुरीचा तास कां, याचा उलगडा आगगाडींतून न झालेला तेथें झाला. शेतकऱ्यांनीं ही जोड पिढ्यान्‌पिढ्या अनुभवानें घातली. तिचें कारण शास्त्रानें मागाहून शोधलें.

दुपारीं मुलांनीं रांधलेलें वरण, भात आणि भाजी आम्ही सर्वांबरोबर जेवलों आणि आपआपलीं ताटें धुतलीं. माझ्या मुलांनीं घरीं कधीं ताट उचललें नव्हतें. सूनबाई माझ्याकडे पाहून किंचित् हंसली. त्या हंसण्याचा अर्थ मला समजला, आणि घरीं परतल्यापासून मीही माझें ताट उचलतों.

संध्याकाळीं यात्रीनिवासाच्या ओसरीवर मीं मुलांना एक हिशेब घातला. एका बोंडांतून सरकीसह सुमारें ४ ग्रॅम कापूस निघतो. त्यांत रुई सुमारें तिसरा हिस्सा, बाकी सरकी. तर २०० ग्रॅम वजनाच्या सदऱ्याला बोंडें किती? पाटीवर उत्तर आलें दीडशें. कांतण्या-विणण्यांतील नासधूस धरली तर त्याहूनही अधिक. आपल्या देशांत कापूस बहुतेक सगळा हातानेंच वेचला जातो. म्हणजे एका सदऱ्यासाठीं दीडशें वेळां कोणाचा तरी हात झाडापाशीं गेला. मुलांनीं आपल्या अंगावरच्या सदऱ्यांकडे पाहिलें. पुतण्याची मुलगी म्हणाली, “त्या हातांना बोंडाचीं टोंकें टोंचत असतील ना?” हा प्रश्न माझ्या हिशेबांत नव्हता.

दुसऱ्या दिवशीं रविवार. परततांना सेलूजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरांत उतरलों. त्या दिवशीं त्यांच्याकडे कापसाची पहिली वेचणी होती. वेचणी लावण्यापूर्वीं विदर्भांत ‘सीतादही’ करतात. घरच्या वृद्ध बाईनें पऱ्हाटीच्या एका झाडाला हळदकुंकू लावलें, दहीभाताचा नैवेद्य ठेवला, हात जोडले, आणि मगच बायका ओटी बांधून तासांत शिरल्या. पुतण्याच्या मुलीनें विचारलें, “कोणती सीता? रामाची?”

म्हातारी म्हणाली, “रामाची बी तीच, बाई. पन ही आमच्या वावरातली.”

तें ऐकलें आणि मी धुऱ्यावर खालीं बसलों. आतां जें लिहितों तें आजवर घरींही कोणाला सांगितलें नव्हतें.

तीसेक वर्षांपूर्वीं मी एका तालुक्याच्या गांवीं शाळेंत होतों. आठवीच्या वर्गांत आकारान्त स्त्रीलिंगी शब्द चालवितांना मीं विचारलें, “सीता म्हणजे कोण?” सगळ्यांनीं रामाची पत्नी म्हणून सांगितलें. शेवटच्या बांकावरचा, रोज चार मैल चालत येणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुर्जी, आमच्या वावरात सीतादही करतेत, ते सीता.” वर्ग हंसला. मीही हंसलों आणि त्याला खालीं बसविलें.

वाचकहो, अमरकोश मला लहानपणापासून मुखोद्गत आहे. त्यांत सीता या शब्दाचा अर्थ नांगरानें पडलेली रेघ असाच दिलेला आहे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडळांत क्षेत्रपतीचें जें सूक्त आहे, त्यांत सीतेची म्हणजे त्या रेघेचीच प्रार्थना आहे. रामायणांतली जानकी जनकाला नांगरतांना मिळाली, म्हणून तिचें तें नांव. हें सगळें मला ठाऊक होतें. तो मुलगा वेदाच्या अर्थाला वर्गांतल्या कोणाहीपेक्षां जवळ होता. पण त्याचें उत्तर वावरांतून आलें होतें, पुस्तकांतून नव्हे, म्हणून माझ्या कानांपर्यंत तें पोंचलेंच नाहीं. माझ्यापाशीं शब्द होता आणि त्याच्यापाशीं वस्तु होती. त्या दिवशीं दोहोंची गांठ पडली असती तर त्या वर्गाला त्याहून चांगला संस्कृतचा धडा मिळाला नसता.

पुढें कार्तिकांत तो बावीस दिवस आला नाहीं. वेचणीचे दिवस होते. मीं हजेरीपटावर तांबड्या शाईनें ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारला आणि त्याचें नांव कमी झालें. थोड्या दिवसांनीं त्याचा बाप त्याला घेऊन आला. हात जोडून म्हणाला, “गुरुजी, वेचा आटोपला जी. आता पोरगा रोज येईन.” मीं त्याला नियम सांगितला. नियम होता हें खरें. तो थोडा वांकविण्याजोगा होता हेंही खरें. मी शाळेला बोल लावीत नाहीं. लेखणी माझी होती. बापलेक व्हरांड्यांतून गेले ते मला पुन्हां दिसले नाहींत.

त्या बावीस दिवसांत त्या मुलानें जें केलें, तेंच काम पाहावयास मी आज आगगाडीचें भाडें भरून नातवंडांना घेऊन आलों होतों. सेवाग्रामच्या मुलीच्या वहींत जो वाफ्याचा हिशेब होता, तसा हिशेब त्याच्या तोंडीं असणार. मात्र तो मांडावयास त्याला कोणी वही दिली नाहीं.

म्हणून शाळेंत शेती शिकविण्याचा विचार करतांना मला दोन बाजू दिसतात. एक आपल्या घरांतल्या मुलांची. त्यांना अन्न कोठून येतें हें कळलें पाहिजे. शेतकरी होण्यासाठीं नव्हे, तर ज्यांचें आपण खातों त्यांना ओळखण्यासाठीं. गेलीं पंचवीस-तीस वर्षें विदर्भांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतों आणि पान उलटतों. ज्या मुलानें एकदां तरी कापूस वेचला आहे, त्याला तें पान इतक्या सहज उलटवणार नाहीं अशी माझी आशा आहे. जपाननें २००५ सालीं अन्नशिक्षणाचा कायदाच केला. आपल्याकडे शाळांतून परसबागा करण्याच्या सूचना निघतात. त्या कागदावर राहूं न देणें हें आपलेंही काम आहे.

दुसरी बाजू शेतकऱ्याच्या मुलाची. त्याला शेती काय असते हें सांगण्याची गरज नाहीं. तो जें जाणतो त्याला शाळेंत ज्ञान म्हणावें, एवढीच गरज आहे. वर्गांत असा एक मुलगा असेल तर मास्तरांनीं वर्षांतून एक तास आपली खुर्ची त्याला द्यावी. तिफणीच्या चाड्यांतून मूठ कशी सोडावी, डवरा कधीं धरावा, पाऊस लांबला तर काय मोडावें आणि काय राखावें, हें तो सांगेल. शहरांतली आणि खेड्यांतली मुलें अशा तासाला एकमेकांकडे निराळ्या दृष्टीनें पाहतील.

घरच्या मंडळींस माझी एक सूचना आहे. एका कुटुंबानें एका शेताशीं नातें जोडावें. नोकरीनिमित्त शहरांत आलेल्या बहुतेकांचें कोणी ना कोणी खेड्यांत असतें. तेथें वर्षांतून चार वेळां मुलांना न्यावें: मृगांत पेरणीला, श्रावण-भाद्रपदांत निंदणाला, आश्विन-कार्तिकांत वेचणीला आणि पौषांत तुरीच्या मळणीला. नुसतें पाहूं देऊं नये. तास-दोन तास काम करूं द्यावें. आणि परततांना त्या घरच्या मुलांना आपल्या घरीं येण्याचें आमंत्रण द्यावें. नातें एका बाजूचें असूं नये.

आम्ही पौषांत पुन्हां सेलूला गेलों. वाळलेल्या तुरीच्या पेंढ्या मुलांनीं काठीनें झोडल्या, सुपांत पाखडल्या आणि दोन पायल्या तूर विकत घेऊन आलों. घरांतलें जुनें जातें माळ्यावरून खालीं काढलें. भरडतांना तांबूस टरफल सुटून पिवळी डाळ बाहेर आली, तेव्हां पुतण्याची मुलगी जात्यापासून उठेना. त्या रात्रीं अकरा पानांवर त्याच डाळीचें वरण वाढलें. नेहमींप्रमाणें मीं चित्राहुति घातल्या, आणि त्या बाजूला थोडा भात आणखी एका नांवानें ठेवला. तें नांव मला आठवतें, पण येथें लिहीत नाहीं.

तो मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. कदाचित् त्याचीं मुलें कोठें तरी शाळेंत जात असतील. हा अंक त्याच्या घरीं पोंचण्याचा संभव थोडा. पण मासिकें हातोहात दूरवर जातात. पोंचलाच, तर त्यानें रागानें कां होईना, दोन ओळी संपादकांच्या पत्त्यावर लिहाव्या. त्याच्या वावरांत सीतादही अजून होतें कीं नाहीं, एवढेंच मला विचारावयाचें आहे. आणि त्या दिवशींचें त्याचें उत्तर बरोबर होतें, हें सांगावयाचें आहे.